ज्वारीचे गणगोत

ज्वारी हे एक गवत आहे, असे म्हटले तर जिरायती शेतकऱ्याला ते फारसे रुचणार नाही. गवत म्हणजे खुरपायचे आणि ज्वारी म्हणजे जपायची, असा आपला रोजचा हिशेब. पण वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस, भात, गहू, एवढेच काय, घराला लागणारा बांबूसुद्धा एकाच कुळात नोंदलेला आहे. ते कूळ म्हणजे तृणकूळ. जगात या कुळातल्या साडेअकरा हजारांच्या आसपास जाती आहेत. बांधावरची हरळी आणि माळावरची कुसळी याही त्यातल्याच.

आता एवढ्या मोठ्या कुळात सगळेच एकमेकांचे सख्खे असणार नाहीत. गावात एका आडनावाची शंभर घरे असतात, पण भावकी वेगळी, सुतक कोणाचे कोणाला लागते ते वेगळे. गवतांचेही तसेच आहे. ज्वारीची भावकी कोणती, बाजरीची कोणती आणि नाचणीची कोणती, हे ओळखायचे कसे, आणि ओळखून शेतकऱ्याला काय मिळते, हे आज आपण पाहू.

आपण शेतकरी मंडळी पिकांची वाटणी हंगामावर करतो. हे खरिपाचे, ते रब्बीचे. कामाच्या दृष्टीने ही वाटणी अगदी योग्य आहे. पण तिच्यावरून नाते कळत नाही. ज्वारीच पाहा ना. सोलापूर-नगरकडे ती रब्बीत पेरतात, खानदेश-विदर्भात खरिपाची ज्वारी घेतात. पेरणीचा महिना बदलला म्हणून तिचे गोत बदलले नाही. भात पावसाळ्यात, उकाड्यात येतो आणि गहू थंडीत. तरी हे दोघे एकमेकांचे जितके जवळचे, तितका भात ज्वारीला जवळचा नाही. मग हे ओळखायचं कसं?

ओळखायचे फुलावरून. गवताला फूल असते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कारण त्याला रंगीत पाकळ्या नसतात. कणसावर जी बारीक बारीक टरफलांची पुडकी दिसतात, त्यांना शास्त्रात कणिशक म्हणतात. एका कणिशकात एक किंवा अनेक फुले असतात. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१४ साली यातली एक गोष्ट बारकाईने टिपली. गव्हाच्या कणिशकात खालची फुले दाणा धरतात आणि शेंड्याकडची वांझ राहतात. ज्वारी-बाजरीच्या गोतात नेमके उलटे: कणिशकात दोन फुले, त्यांतले वरचे दाणा धरते आणि खालचे वांझ किंवा नुसते नर असते. त्याने आणखी एक पाहिले की गव्हासारखी गवते मुख्यतः थंड मुलखात आढळतात आणि दुसऱ्या गोतातली उष्ण मुलखात. उष्ण हवेच्या गवतांचे वेगळे घर आहे ही गोष्ट तेव्हापासून शास्त्रात आली.

हे तुम्हाला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येईल. शिक्षक बंधुभगिनींनी तर वर्गात अवश्य करावे. त्याला भिंगाखेरीज काहीही लागत नाही.

ज्वारी फुलोऱ्यात असताना कणसाची एक बारीक फांदी तोडून घ्या. तिच्यावर कणिशके जोडीजोडीने बसलेली दिसतील. जोडीतले एक देठाशिवाय चिकटून बसलेले असते, त्यात दाणा भरतो. दुसरे छोट्या देठावर असते, ते बहुधा नर किंवा वांझ. फांदीच्या अगदी टोकाला मात्र दोनऐवजी तीन असतात, एक बिनदेठाचे आणि दोन देठांची. दाणा भरल्यावरही त्याच्या शेजारी देठावर वाळके, पोकळ टरफल पुष्कळदा लटकत असते. ही जोडी म्हणजे ज्वारीच्या भावकीची खूण.

आता माळावर जा आणि कुसळी घ्या. धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटणारी ती हीच. तिच्या कणसाचा वरचा भाग सोडवून पाहा. तिथेही जोडी! चिकटून बसलेल्या कणिशकाला लांब कुसळ आहे, शेजारच्या देठावरच्याला नाही. मारवेल पाहा, पवन्या पाहा, नदीकाठचा कास पाहा, तिखाडी पाहा, अंगणातला वाळा तुऱ्यावर आला तर तोही पाहा. सगळीकडे जोडी सापडेल. उसाच्या तुऱ्यातही तीच जोडी आहे, रेशमासारख्या केसांत लपलेली.

आणि मका? मक्याचे कणीस ज्वारीसारखे मुळीच दिसत नाही. पण त्याच्या दाण्यांच्या ओळी मोजून पाहा. आठ, दहा, बारा, चौदा, सोळा, अशाच निघतील. ओळींची संख्या सम असते. याचे कारण जोडीच आहे. मक्याच्या कणसात जोडीतली दोन्ही कणिशके दाणा धरतात, म्हणून प्रत्येक जोडीमागे दोन ओळी उभ्या राहतात. मुलांना मोजायला सांगा. अशी मोजदाद ती जन्मभर विसरणार नाहीत.

दिसण्यावर जाऊ नये, याचाही एक चांगला दाखला देतो. मारवेलच्या तुऱ्याला बोटे असतात आणि हरळीच्याही तुऱ्याला बोटे असतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही बहिणी वाटतील. पण भिंग लावा. मारवेलच्या बोटावर जोड्या आहेत, तेव्हा ती ज्वारीच्या घरची. हरळीच्या बोटावर एकेकटी कणिशके आहेत, आणि तीही बोटाच्या एकाच बाजूला दोन रांगांत दाटीने बसलेली. अशीच एका बाजूला दाटलेली बोटे कोणाची असतात? नाचणीची. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजेच हरळी, आणि आपली नाचणी या दोघी एका घरच्या आहेत.

अशा रीतीने उष्ण हवेतल्या गवतांच्या तीन मोठ्या भावक्या आपल्यापुढे येतात. पहिली ज्वारीची: ज्वारी, मका, ऊस, कास, बरू, कुंदा, कुसळी, मारवेल, पवन्या, तिखाडी, गवती चहा, वाळा. दुसरी बाजरीची: बाजरी, राळा, वरई, हत्ती गवत, अंजन. हिच्यात जोडी नाही. मात्र बाजरी, राळा आणि अंजन यांच्या कणिशकांभोवती ताठ केसांचा झुबका असतो, त्यावरून त्यांचे सख्खेपण कळते. बाजरी आणि अंजन गवत यांचे नाते तर इतके जवळचे निघाले की २०१० साली शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच प्रजातीत घातले. तिसरी भावकी नाचणी आणि हरळीची. पहिल्या दोन भावक्या एकाच पोटकुळातल्या, म्हणजे चुलत घरे. नाचणीचे पोटकूळ वेगळे, पण मूळ वाडा तोच.

हा मूळ वाडा सापडायला मात्र फार वेळ लागला. नाचणीच्या कणिशकात अनेक फुले असतात आणि ती गव्हासारखी वाटतात, म्हणून जुन्या वर्गीकरणात तिला गव्हाच्या बाजूला बसवले होते. १९३१ साली अवदुलोव या रशियन शास्त्रज्ञाने शेकडो गवतांची गुणसूत्रे मोजली आणि त्यांच्या पानांची रचनाही तपासली. गव्हाच्या गोतात गुणसूत्रे मोठी आणि सातच्या पटीत. गव्हाची ४२ म्हणजे सहा साते. उष्ण मुलखातल्या पुष्कळ गवतांत ती लहान आणि नऊच्या किंवा दहाच्या पटीत. ज्वारीची २०, म्हणजे दोन दाहे, आणि नाचणीची ३६, म्हणजे चार नव्वे. याला अपवादही आहेत, बाजरीच सातच्या पटीत आहे. पण एकूण कल स्पष्ट होता. पुढे पेशीतल्या डीएनएचे लेख वाचता येऊ लागले, तेव्हा अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन २००१ आणि २०१२ साली गवतांची वंशावळ नव्याने मांडली. तिच्यात दोन मोठे वाडे ठरले. एकात भात, बांबू आणि गहू. दुसऱ्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांचे सोयरे.

आता उन्हाकडे वळू. वैशाखात गहू कोमेजतो, पण पाणी मिळाले तर मका आणि कडवळ तरारते, ते का? पानाच्या आत हवेतला कार्बन वायू पकडणारे एक द्रव्य असते. त्यावरच साखर तयार होते. पण या द्रव्याला एक खोड आहे. उष्णता वाढली की ते कार्बन वायूऐवजी प्राणवायू पकडू लागते आणि केलेली मेहनत वाया जाते. त्यात पाणी वाचवण्यासाठी पान आपली छिद्रे मिटते, म्हणजे आतला कार्बन वायू आणखी कमी पडतो.

ज्वारीच्या पानाने यावर एक तोड काढली. गुऱ्हाळात चरकाजवळ एक माणूस बसून सारखा ऊस पुरवीत असतो, त्यामुळे चरक रिकामा फिरत नाही. तसे ज्वारीच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. बाहेरच्या पेशी कार्बन पकडून आत पुरवतात, आणि शिरेभोवती कडे करून बसलेल्या आतल्या पेशी त्याची साखर करतात. आत कार्बनचा पुरवठा सतत दाटलेला राहतो, म्हणून ते खोडकर द्रव्य चुकत नाही. पेशींचे हे कडे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. त्याचे काम कळले ते उसावरून. हवाई बेटांवर कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांनी १९६५ साली, आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली उसाच्या पानातली ही वाट उलगडून दाखवली. पहिला जो पदार्थ बनतो त्यात कार्बनचे चार अणू असतात, म्हणून या झाडांना चार-कार्बनी म्हणतात. गहू आणि भात तीन-कार्बनी.

चार-कार्बनी झाडे तेवढ्याच पाण्यात जास्त वाढ करतात. तुम्ही विचाराल, मग ऊस एवढं पाणी का पितो? कारण तो वर्षभर, आडसाली असला तर दीड वर्ष शेतात उभा असतो आणि वाढतोही तितकाच.

इथे एक मजेची गोष्ट सांगायची आहे. ही युक्ती गवतांत एकदाच निघाली आणि वारसाने सगळीकडे गेली, असे झालेले नाही. ती बाविसांहून अधिक वेळा निरनिराळ्या घरांत स्वतंत्रपणे निघाली. नाचणीच्या घरात वेगळी, ज्वारीच्या घरात वेगळी. मात्र प्रत्येक वेळी ती दुसऱ्या वाड्यातच निघाली. भात, बांबू, गहू यांच्या वाड्यात ती एकदाही निघाली नाही. म्हणून उन्हात तग धरणे हा गुण झाला, रक्त नव्हे. दोन घरांत मोट सारखीच चालत असली म्हणून ती घरे सख्खी ठरत नाहीत.

या गोताचे वय तरी किती? त्याचा एक मोठा पुरावा आपल्याच राज्यात मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव आहे. तिथे डायनोसॉरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. गवताच्या पानात गारेचे सूक्ष्म कण असतात, पानाच्या धारेने बोट चिरते ते त्यांच्यामुळेच, आणि हे कण कुजत नाहीत. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे कण मिळाले. निदान पाच तऱ्हेची गवते त्यांतून ओळखता आली, आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भाच्या भूमीवर गवत होते आणि ते चरले जात होते. चार-कार्बनी गवते त्यामानाने अलीकडची, तीन कोटी वर्षांच्या आसपासची. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांच्या मातीवरून दिसते की तिथे या गवतांची कुरणे पसरली ती सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी.

इतके झाल्यावर तुमच्यातला एखादा व्यवहारी माणूस म्हणेल, नाते कळले, पण पदरात काय पडले? चार गोष्टी सांगतो.

पहिली गुरांच्या जिवाची. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते हे तुम्ही जाणता. पाण्याचा ताण बसलेल्या, गुडघ्याएवढ्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीत एक द्रव्य असते, त्यातून पोटात भयंकर विष तयार होते. ज्वारीचा सख्खा भाऊ बरू. त्याच्यातही तेच विष. बाजरी चुलत घरची, तिच्यात ते नाही. म्हणून खोडव्याच्या फुटव्यात जसे जनावर सोडू नये, तसे बरूच्या कोवळ्या लुसलुशीत रानातही सोडू नये. जनावर धापा टाकू लागले तर वेळ न दवडता पशुवैद्याला गाठावे.

दुसरी फेरपालटीची. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला तुम्ही पाहिला असेल. त्याला ज्वारी चालते, तशी बाजरी, मका आणि ऊसही चालतो. ज्वारीनंतर बाजरी पेरली म्हणजे पीक पालटले असे आपल्याला वाटते. टारफुल्याच्या दृष्टीने काहीच पालटले नाही, पाहुणा एका भावाकडून दुसऱ्याकडे गेला इतकेच. भुईमूग किंवा कपाशी घेतली तर टारफुल्याचे बी रुजते, पण त्याला आधार मिळत नाही आणि ते मरते. तणनाशकाचेही हेच आहे. टू-फोर-डी फवारले की रुंद पानांचे तण जळते आणि ऊस वाचतो. पण त्याच फवाऱ्यात हरळीही वाचते, कारण तीही गवतच. घरातला चोर धरणे नेहमीच अवघड.

तिसरी गोष्ट उसाची. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. जाड, गोड उसाला उत्तर हिंदुस्थानातली थंडी आणि कोरड सोसत नव्हती. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी त्याची सोयरीक जुळवली ती कोणाशी? नदीकाठच्या रानटी कासाशी. ज्याला कोणी विचारीत नव्हते, ज्यात रसही नाही, अशा गवताशी. त्या संकरातून १९१८ साली को २०५ हा वाण आला आणि पुढे तीच वाट रूढ झाली. आज महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या को ८६०३२ च्या अंगातही कासाचे रक्त आहे. काटकपणा त्या घरून आला, गोडी दुसऱ्या घरून. हत्ती गवत आणि बाजरी यांचा संकरही असाच. हत्ती गवताची गुणसूत्रे २८, बाजरीची १४. निम्मी निम्मी मिळून २१. एकवीस हा विषम आकडा, त्याच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून या संकरित नेपियरला बी धरत नाही आणि आपण ठोंब लावतो. खेचराला जशी संतती नाही, तसेच हे.

चौथी गोष्ट सावधगिरीची. १९६५ साली बाजरीचा पहिला संकरित वाण एच. बी. १ आला आणि उत्पन्न पुष्कळ वाढले. पण त्यानंतरचे वाणही एकाच मातृवाणापासून काढलेले होते. सगळी शेते जणू एका आईची लेकरे. १९७० नंतर गोसावी रोगाची साथ आली आणि एकाला जे बाधले ते सगळ्यांना बाधले. गोत मोठे असेल तर कोणीतरी रोगाला पुरून उरतो. गोत आक्रसले की कोणीच उरत नाही.

या चारही गोष्टींचा रोख एकाच बाजूला आहे. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तिथे ज्वारीची, उसाची आणि बाजरीची नातलग मंडळी राहतात. दुष्काळ, रोग आणि खडकाळ जमीन सोसण्याचे शिक्षण त्यांनी लाखो वर्षे घेतलेले आहे. उद्याच्या वाणाला कोणता गुण लागेल आणि तो कोणाकडून घ्यावा लागेल, हे आज सांगता येत नाही. माळ नांगरला किंवा वर्षानुवर्षे बी धरण्याआधीच चारून टाकला, तर मारवेल आणि पवन्या जातात आणि कुसळीच तेवढी उरते. तेव्हा गायरानाचा एक तुकडा दरसाल आलटून पालटून राखून ठेवावा. आश्विन-कार्तिकात बी झडून जमिनीवर पडले की मग कापावा. चारा त्याने बुडत नाही, आणि पुढच्या वर्षीची उगवण होते.

गुरुजींना एवढेच सुचवावेसे वाटते की भाद्रपदात मुलांना घेऊन शाळेभोवतालची दहा गवते तुऱ्यासकट गोळा करावीत, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत आणि जाड कागदावर शिवावीत. खाली गावात चालणारे नाव लिहावे, आणि शेजारी तीन प्रश्नांची उत्तरे: कणिशके जोडीने आहेत का, त्यांभोवती केसांचा झुबका आहे का, की ती बोटाच्या एकाच बाजूला आहेत? नावे म्हाताऱ्या माणसांना विचारावीत. त्यांना ती अजून ठाऊक आहेत, आणि मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायला हीच वेळ आहे.